हरवलेल्या मुक्या जिवाचे देणे

वस्तू हरवली म्हणजे नुकसान होते. माणूस हरवला म्हणजे आकांत होतो. घरातले जनावर हरवले तर नेमके काय होते? या प्रश्नाचे उत्तर देताना आपली जीभ थोडी अडखळते. छत्री हरवल्यावर वाटते तेवढीच हळहळ कुत्रा हरवल्यावर वाटावी, असे कोणी म्हणणार नाही. आणि मूल हरवल्यावर जसा सारा गाव धावून येतो, तसा तो मांजरीसाठी धावून यावा, असेही कोणी म्हणणार नाही. वस्तू आणि माणूस यांच्यामध्ये कोठेतरी मुक्या जिवाची जागा आहे. ती जागा कोणती, तिथे आपले कर्तव्य काय आणि त्या कर्तव्याची सीमा कोठवर, याचा विचार आपण सहसा करीत नाही. दार उघडे राहते, फटाका वाजतो, दावे तुटते. आणि मग विचार करायला सवड उरत नाही. तो आधीच, शांतपणे करून ठेवावा, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

हा विषय काही वाचकांना हलका वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. शेजारच्या घरी औषधाला पैसे नसताना कुत्र्यामांजरांची चिंता कशाला, हा आक्षेप खरा आणि वजनदार आहे. त्याला बगल देण्याचा आमचा विचार नाही. त्याच्याकडे आपण शेवटी वळूच. आधी पवित्र शास्त्र या बाबतीत काय सांगते, ते पाहू.

शास्त्रातील वाट चुकलेली जनावरे

निर्गम ग्रंथाच्या २३व्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. आपल्या वैऱ्याचा बैल किंवा गाढव वाट चुकलेले दिसले, तर ते त्याच्याकडे परत नेऊन पोहोचवावे, असे ती सांगते. अनुवाद ग्रंथाच्या २२व्या अध्यायात हीच आज्ञा बांधवाच्या गुराढोरांविषयी अधिक तपशिलाने आली आहे. मालक दूर राहत असेल किंवा तो कोण हे ठाऊक नसेल, तर जनावर आपल्या घरी आणावे, तो शोधीत येईपर्यंत सांभाळावे आणि तो आला की त्याच्या हवाली करावे. या नियमाचा गाभा मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. पाहूनही न पाहिल्यासारखे करायचे नाही, हे तेथे पुन्हा पुन्हा बजावले आहे. मोशेच्या काळी माणूस तोंड फिरवून कसा निघून जात असेल, याची त्या नियमकर्त्याला पुरती जाण असली पाहिजे.

आपल्या देशाचा कायदा याहून मवाळ आहे. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या ७१व्या कलमानुसार, दुसऱ्याची हरवलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी येते. पण ताब्यात घेतलीच नाही तर? मग कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. कायदा उचलणाऱ्याला बांधतो, शास्त्र पाहणाऱ्यालाही बांधते. नागरिकाचे कर्तव्य आणि शेजाऱ्याचे कर्तव्य यांतील अंतर एवढे एकच उदाहरण दाखवून देते.

ती गुरे उपयोगाची होती, बैलावर कुटुंबाचे पोट होते. आजच्या लाडक्या कुत्र्याशी त्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्याला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात उत्तर आहे. दावीद राजाला त्याचे पाप दाखवून देण्यासाठी नाथान संदेष्ट्याने एका गरीब माणसाची गोष्ट सांगितली. त्याच्याजवळ एकच मेंढी होती. ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या कुशीत निजे आणि त्याला मुलीसारखी वाटे. ती मेंढी धनिकाने हिरावून नेली, हे ऐकताच दावीद संतापाने लाल झाला. गरिबाच्या त्या मायेची नाथानाने कोठेही थट्टा केलेली नाही. अन्यायाचे माप त्याने त्या मायेनेच मोजले आहे.

तोबितच्या पुस्तकात तर एका कुत्र्याला उगाचच जागा मिळाली आहे. तरुण तोबिया देवदूताच्या सोबतीने लांबच्या प्रवासाला निघतो, तेव्हा कुत्रा त्याच्याबरोबर जातो. आणि परतताना तो पुन्हा मागोमाग येताना दिसतो. कथेत त्याचे काहीच काम नाही. घरचा कुत्रा घरच्या माणसाबरोबर गेला आणि त्याच्याबरोबर सुखरूप परत आला, एवढेच.

लूकच्या शुभवर्तमानातील हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण पापी माणसाच्या परतण्याविषयी वाचतो आणि ते योग्यच आहे. पण प्रभू येशूला तो दाखला देता आला, कारण एका मेंढरासाठी माणूस खरोखरच रानोमाळ हिंडतो, हे समोरच्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक होते. तुमच्यापैकी असा कोण आहे, अशा अर्थाच्या प्रश्नानेच तो दाखला सुरू होतो. मेंढरू शोधणारा कोणीच नसता, तर त्या प्रश्नावर श्रोते नुसते एकमेकांकडे पाहत राहिले असते.

आपल्या मातीतही ही जाण मुरलेली आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणारे एकनाथ आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, यांच्या कथा मराठी मुलखात कोणत्याही धर्माच्या घरी परक्या नाहीत. गावोगावचे कोंडवाडेही आठवावेत. दुसऱ्याच्या वाडीत शिरलेले गुरू तेथे कोंडले जाई आणि दंड भरून सोडवून आणावे लागे. १८७१ सालच्या गुरांविषयीच्या कायद्यात अशीही तरतूद होती की, सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांनी नोटीस लावावी आणि जनावर जेथे धरले त्याच्या जवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटावी. लिलाव होई तो त्यानंतरच. कोंडवाडा काही दयेचे मंदिर नव्हता. तरीही मालकाला हाक घातल्याशिवाय त्याचे जनावर परक्याचे होऊ नये, एवढा न्याय त्या रुक्ष कायद्यालाही सुचला होता.

देणे कशाचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जनावराचे आपण काही देणे लागतो, ते कशामुळे?

रानातला कोल्हा हरवत नाही. कौलावरची चिमणी हरवत नाही. ती उडून जाते, दुसरीकडे घरटे बांधते. तिचे सगळे जग तिच्या पंखांत असते. हरवण्यासाठी आधी घर असावे लागते, आणि कुत्र्यामांजराला ते घर आपण दिलेले असते. ते देताना त्यांच्यापासून काही काढूनही घेतलेले असते. पिलू दोन महिन्यांचे असताना आपण त्याला आईपासून तोडून आणतो. वेळेवर ताट पुढे येते, म्हणून ते अन्न शोधायला शिकत नाही. माणसाच्या हातावर ते विश्वास टाकते, म्हणून वाईट हात ओळखायला शिकत नाही. असा जीव एका रात्री रस्त्यावर पडला, तर रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याहून तो अधिक अनाथ असतो. त्याला आपले नाव ठाऊक असते, पण ते सांगता येत नाही. घर ठाऊक असते, पण पत्ता विचारता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, येथे प्रश्न मायेचा नंतर आणि न्यायाचा आधी आहे. माया कमीअधिक असू शकते. घरातल्या एखाद्याला कुत्रा आवडतो, दुसऱ्याला त्याचा वासही सोसत नाही. परंतु ज्या दिवशी घराने त्याला आपल्यावर अवलंबून केले, त्या दिवशी घराने एक वचन दिले. मुक्याला दिलेले वचन मोडल्यास तो फिर्याद करू शकत नाही. त्यामुळेच ते पाळणे अधिक निकडीचे होते.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत समतोल आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिकवणीच्या ग्रंथात, प्राणी हे देवाचे निर्माण आहेत आणि माणसाने त्यांच्याशी ममतेने वागणे हे त्याचे देणे आहे, असे म्हटले आहे. तेथे फ्रान्सिस असिसीकर आणि फिलिप नेरी या संतांचे स्मरणही केले आहे. अन्नासाठी व कामासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास हा ग्रंथ मना करीत नाही. पण त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक ठरवतो. त्याच दमात तो दुसरी बाजूही सांगतो. माणसांचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा खर्च व्हायला हवा, तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे. आणि जे प्रेम केवळ माणसाच्या वाट्याचे आहे, ते प्राण्याला देणेही योग्य नव्हे. कर्तव्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. एक वाचून दुसरे गाळणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

हरवू नये म्हणून

हे देणे फेडण्याचा पहिला आणि सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जनावर हरवू न देणे. जनावरे बहुधा ठरावीक वेळीच हरवतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा वेळा म्हणजे आपल्याच आनंदाच्या वेळा. दिवाळी, लग्नाची वरात, नाताळची मध्यरात्र, ३१ डिसेंबरच्या रात्री वाडीत जाळला जाणारा म्हातारा. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याचे कान ४० हजारांच्याही पुढे जातात, आणि मांजराचे त्याहून पुढे. आपल्याला नुसता धमाका वाटतो, तो त्यांना आकाश कोसळल्यासारखा वाटत असेल. त्यातच पाहुण्यांची ये-जा असते, फाटक उघडे असते, आणि सारे घर मिस्साला गेलेले असते. अशा रात्री कुत्र्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, ओळखीच्या अंथरुणावर ठेवावे आणि शक्य असल्यास घरातल्या एकाने जवळ थांबावे. दिवसा उजेडी त्याला फिरवून आणावे म्हणजे रात्री बाहेर काढण्याची गरज पडत नाही.

दुसरी वेळ घर बदलण्याची. मांजर माणसाइतकेच जागेला धरून असते. नव्या घरात आल्यावर दोन-तीन आठवडे त्याला बाहेर सोडू नये, नाही तर ते जुन्या घराच्या वाटेला लागते. तिसरी वेळ माजाची. नसबंदी न केलेले नर माजाच्या काळात दूरवर भटकतात. नसबंदीने भटकणे कमी होते आणि नको असलेल्या पिलांचा प्रश्नही मिटतो.

ओळखीची खूण ही सर्वांत महत्त्वाची. गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर फोन क्रमांक, एवढी साधी गोष्ट आपल्याकडे किती गळ्यांत दिसते? नावापेक्षा क्रमांक मोलाचा. ‘मोती’ हे नाव वाचून सापडवणारा मालकाकडे पोहोचत नाही. पट्टा निसटू शकतो, म्हणून अलीकडे मायक्रोचिप बसवतात. तांदळाच्या दाण्याएवढी ही वस्तू पशुवैद्य सुईने कातडीखाली सोडतो. तिच्यात एक क्रमांक असतो आणि तो यंत्र जवळ धरून वाचता येतो. ही चिप जनावर कोठे आहे ते सांगत नाही. ते कोणाचे आहे एवढेच कळवते, आणि तेही मालकाने आपला पत्ता व फोन नोंदवून ठेवला असेल तरच. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना ती २०१६पासून आणि मांजरांना जून २०२४पासून सक्तीची झाली. अमेरिकेतील प्राणी-आश्रयगृहांविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, तेथे आलेल्या भटक्या मांजरांपैकी शेकडा दोन मांजरेही मालकांकडे परत जात नव्हती. चिप असलेल्या मांजरांत मात्र हे प्रमाण शेकडा ३८च्या वर होते. जी परत जाऊ शकली नाहीत, त्यांतल्या अनेकांचे नोंदवलेले फोन क्रमांक चुकीचे किंवा बंद झालेले होते. विज्ञानाने खूण दिली. ती खरी ठेवण्याचे काम माणसाकडेच राहिले.

हरवले की सोडले?

आता एका अवघड गोष्टीविषयी बोलले पाहिजे. आपल्या वस्त्यांतील ‘हरवलेली’ सर्व जनावरे हरवलेली नसतात.

मांजरीला पिले होतात. चार दिवस मुले त्यांच्याभोवती नाचतात. मग एके दिवशी कोणीतरी ती गोणपाटात भरतो आणि मासळी बाजारामागे किंवा खाडीपलीकडे सोडून येतो. कुत्रा म्हातारा होतो, त्याचे केस झडतात, वास येऊ लागतो, आणि एका संध्याकाळी रिक्षातून त्याला दूरच्या फाट्यावर उतरवले जाते. जुना बंगला पाडून इमारत उठते, कुटुंब दुसऱ्या मजल्यावर जाते, आणि अंगणातले जनावर अंगणासह मागे राहते. मुले शाळेतून आल्यावर विचारतात, आणि उत्तर मिळते: ‘हरवला.’

या एका शब्दात दोन अन्याय आहेत. पहिला त्या जनावरावर. १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात, भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे. पण कायद्यापेक्षाही कठोर गोष्ट अशी की, सोडलेल्या प्राण्याला आपण सोडले गेलो हे कळत नाही. तो स्वतःला हरवलेलाच समजतो, आणि वाट पाहतो. दुसरा अन्याय मुलावर. ते मूल दोन-तीन दिवस वाडीभर हाका मारीत फिरते. ज्याला शोधायचे त्याचा ठावठिकाणा घरातल्याच मोठ्या माणसाला ठाऊक असतो, आणि तो गप्प बसून पाहतो. पुढे केव्हा तरी मुलाला खरे कळते. तेव्हा त्याला कळलेली गोष्ट कुत्र्यापुरती राहत नाही. जे ओझे झाले ते घराबाहेर ठेवता येते आणि त्याला गोड नाव देता येते, हा धडा ते मनात साठवते. आपल्या म्हातारपणी तो धडा आपल्यालाच ऐकवला जाणार नाही, याची खात्री कोणी द्यावी?

जनावर सांभाळणे खरोखरच अशक्य होते, असे प्रसंग येतात. आजारपण येते, स्थलांतर करावे लागते, लहान मुलाला दम्याचा त्रास निघतो. अशा वेळी दुसरे घर शोधून देणे हा सरळ मार्ग आहे. त्याला वेळ लागतो, चार जणांपुढे शब्द टाकावा लागतो, थोडा कमीपणाही घ्यावा लागतो. पण मुलाला खरे सांगता येते, आणि त्याला आपल्या सोबत्याचा निरोप घेता येतो. निरोप घेतलेला आणि हरवलेला, या दोन दुःखांत फार अंतर आहे.

शोधणाऱ्याचे आणि सापडवणाऱ्याचे काम

एवढी काळजी घेऊनही जनावर हरवते. मग पहिले काही तास मोलाचे. पुष्कळ जण ‘येईल आपोआप’ म्हणून रात्र जाऊ देतात. मांजराच्या बाबतीत शोध जवळून सुरू करावा. हरवलेल्या सुमारे १,२०० मांजरांविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सापडलेल्यांपैकी शेकडा ७५ मांजरे निसटल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आतच मिळाली. एक तृतीयांश मांजरे पहिल्या सात दिवसांत परत आली. भ्यालेले मांजर ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. ते पायरीखाली, लाकडांच्या ढिगात, बंद गॅरेजमध्ये अंग चोरून बसते. म्हणून नुसती हाक मारून भागत नाही. बॅटरी घेऊन, वाकून, शेजाऱ्यांची परवानगी घेऊन पाहावे लागते. त्यासाठी रात्रीची शांत वेळ बरी. कुत्रा मात्र धावत दूर जातो. तो दिसला तर त्याच्यामागे पळू नये; पळणाऱ्याला तो पाठलाग वाटतो. खाली बसावे, अंग आडवे करावे, हळू आवाजात नाव घ्यावे, खाऊ पुढे करावा.

फोटो असलेला कागद दुकानांत, दवाखान्यात, रिक्षातळावर लावावा. पहाटे रस्त्यावर असणाऱ्यांना मुद्दाम सांगावे: दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, सफाई कामगार, मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया. वस्ती जागी होण्यापूर्वी तीच माणसे तिला पाहतात. शरीरावरची एखादी खूण मात्र जाहीर न करता राखून ठेवावी, म्हणजे खोटा दावा ओळखता येतो; आणि जनावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत.

सापडवणाऱ्याचे काम याहून नाजूक. भ्यालेले जनावर चावते, म्हणून मुलांना दूर ठेवावे. चावलेच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन, विलंब न करता रेबीजची लस घ्यावी. कानाचा शेंडा कापलेला कुत्रा दिसला, तर तो बहुधा नसबंदी करून पुन्हा आपल्या जागी सोडलेला रस्त्यावरचा कुत्रा असतो. दयेपोटी त्याला उचलून दुसरीकडे नेणे म्हणजे नांदत्याला बेघर करणे. पट्टा असलेल्या किंवा माणसाळलेल्या जनावराला मात्र पशुवैद्याकडे नेऊन चिप आहे का ते पाहून घ्यावे आणि आसपास विचारपूस करावी.

मालक सापडेपर्यंत त्याला घरी ठेवले, आणि त्याचा लळा लागला तर? प्रश्न येथे खरा टोकदार होतो. २००५ सालच्या २६ जुलैचा महापूर मुंबई-वसईकडील माणूस विसरलेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर कतरिना वादळात बुडाले. बसमध्ये आणि निवाऱ्यांत प्राण्यांना प्रवेश नव्हता. हजारो जनावरे मागे राहिली. स्वयंसेवकांनी ती होडक्यांतून बाहेर काढून इतर राज्यांत पाठवली, आणि तेथील कुटुंबांनी ती पाळली. महिन्यांनंतर मूळ मालक माग काढीत आले, तेव्हा काहींनी जनावर परत देण्यास नकार दिला, आणि प्रकरणे न्यायालयात गेली. नव्या घरांचे म्हणणे असे, की तुम्ही टाकून गेलात, आम्ही वाचवले. जुन्या घरांचे म्हणणे असे, की आम्ही टाकले नाही, आम्हांला निघून जाण्याचा हुकूम होता.

वाचवणाऱ्याचे उपकार खरे आहेत. पण उपकाराने मालकी येते का? आम्हांस वाटते, नाही. अनुवाद ग्रंथातील आज्ञेत जनावर ‘सांभाळावे’ असे आहे, आणि सांभाळ हा शेवटी परत देण्यासाठी असतो. मालकाने छळ केला असेल किंवा जाणूनबुजून सोडले असेल, तर गोष्ट वेगळी. पण ज्याच्या हातून संकटाने जनावर हिरावले, त्याच्याकडून दयेनेही ते हिरावू नये. बहुधा अशा प्रसंगी मालक गरीब असतो आणि नवे घर सुखवस्तू. नाथानाची गोष्ट येथे नव्या कपड्यांत उभी राहते. परत देताना डोळ्यांत पाणी येणारच. परंतु त्या पाण्याला कढ सोसण्याची सवय आहे. अपहाराला ती नसते.

सीमा

आता सुरुवातीचा आक्षेप. माणसे दुःखात असताना प्राण्यांकडे लक्ष देणे म्हणजे माणसांच्या तोंडचा घास काढणे नव्हे काय? काही वेळा तसे होते, हे मान्य केले पाहिजे. शोधाच्या बक्षिसासाठी कर्ज काढणे, कुत्र्याच्या शोधापायी आजारी आईकडे दुर्लक्ष करणे, ही मर्यादा सोडणे होय. पण कतरिना वादळाने दुसरे सत्यही दाखवले. अनेक माणसे आपले जनावर सोडून जायला तयार झाली नाहीत आणि पाण्यात अडकून पडली. जनावरांना नाकारल्याने माणसेच धोक्यात आली, हे पाहून अमेरिकेने २००६ साली कायदा केला आणि आपत्तीच्या योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार करणे राज्यांना भाग पडले. माणूस की जनावर, अशी निवड खरोखर समोर येते तेव्हा माणूस निवडावा. पण ती निवड आपण समजतो तितक्या वेळा समोर येत नाही. पट्ट्यावर क्रमांक लिहिल्याने कोणत्याही गरिबाचा घास जात नाही. फाटक लावून घेतल्याने कोणाचे औषध थांबत नाही.

सीमा कोठे, हे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील एका बापाने सहज सांगून टाकले आहे. कीशाची गाढवे हरवली. त्याने आपला मुलगा शौल याला गड्याबरोबर शोधायला पाठवले. डोंगर पालथे घातले तरी ती मिळेनात. तेव्हा शौल गड्याला म्हणतो त्याचा आशय असा, की आता परत जाऊ. बाबा गाढवांची काळजी सोडून आपल्याच काळजीत पडतील. पुढे शमुवेल संदेष्टा त्याला सांगतो की, गाढवे सापडली आहेत, त्यांची चिंता सोड. प्रामाणिकपणे शोधावे, दूरवर शोधावे. आणि शोधणाऱ्याची वाट पाहणारी माणसे घरी आहेत, हे आठवले की परतावे. परतणे म्हणजे विसरणे नव्हे. कागद भिंतीवर राहू द्यावा, दवाखान्यात नोंद राहू द्यावी. महिन्यांनी परत आलेली जनावरेही आहेत. आणि न आलेल्याचे दुःख मुलांनी केले, तर ‘दुसरा आणू’ म्हणून ते दाबू नये. जे मेल्याचेही कळले नाही, त्याचे दुःख अधिक अवघड असते. त्याला घरात थोडी जागा द्यावी.

हरवलेल्या वस्तूंसाठी आपण संत अंतोनीचा धावा करतो. त्यामागची कथा अशी सांगतात: संताचे स्तोत्रांचे पुस्तक एका नवशिक्या संन्याशाने मठ सोडताना पळवून नेले. अंतोनीने प्रार्थना केली. पुस्तक परत आले, आणि ते घेऊन तो तरुणही परत आला. हरवलेली वस्तू आणि हरवलेला माणूस, दोघे एकाच वाटेने आले.

मुक्या जिवाच्या शोधातही असेच काही घडत असावे, असे आम्हांस वाटते. मांजर शोधायला निघालेला माणूस ज्या दारांवर वर्षानुवर्षे गेला नव्हता, ती दारे ठोठावतो. ज्याच्याशी बांधावरून अबोला होता, त्याच्या गोठ्यात डोकावण्याची परवानगी मागतो. वैऱ्याचे गाढव परत न्या, या आज्ञेत दोन वैरी एका दारात समोरासमोर येतात, मध्ये दावे धरलेले गाढव असते, आणि काहीतरी बोलावे लागते. गाढव घरी पोहोचते. ते दोघे कोठवर पोहोचतील, ते शास्त्राने सांगितलेले नाही. ते त्यांच्यावर सोपवले आहे.